ए-४ ला अडचणीत आणलंय ते थीटा-१२ ने, थीटा-१३ ने नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कलिन्याला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि न्यूट्रिनोंच्या (विद्युतभार नसलेल्या अतिहलक्या मूलकणांच्या) वस्तुमानावर पीएच.डी. करायचा विचार चाललाय. वाचताना दिसलं, की फ्लेवर सममितीच्या (कणांच्या तीन पिढ्यांना एका सममितीने बांधणाऱ्या) ए-४ सारख्या मॉडेल्सनी थीटा-१३ हा कोन, म्हणजे न्यूट्रिनोंचे प्रकार एकमेकांत किती मिसळतात ते सांगणाऱ्या तीन मिक्सिंग कोनांपैकी एक, शून्य सांगितला होता. २०१२ मध्ये तो साडेआठ अंशांच्या आसपास निघाला, तरी ए-४ या सममिती-ग्रुपवर अजून ढिगाने पेपर येताहेत. मग हे क्षेत्र संपलंय की नाही? आणि ‘मॉड्युलर सममिती’ म्हणजे नव्या बाटलीत जुनी दारूच ना?

क्षेत्र संपलेलं नाही. पण तुम्ही ज्या जखमेवर बोट ठेवलंय ती जिव्हारी लागलेली नव्हती. जिव्हारी लागू शकेल असा घाव आत्ता, २०२५ पासून पडायला लागलाय आणि तो थीटा-१२ चा आहे. शिवाय या मॉडेल्सचं सगळ्यात दुबळं अंग कोनांमध्ये नाहीच, ते निर्वाताच्या मांडणीत आहे, म्हणजे रिकाम्या अवकाशातही शून्य नसणारी क्षेत्रं कोणत्या दिशेला उभी राहतात त्यात. त्याबद्दल पेपरच्या सारांशात कोणी बोलत नाही. हे नीट कळायला जरा मुळापासून जावं लागेल. तुम्ही एम.एस्सी.ला आहात, तेव्हा मॅट्रिक्सला घाबरणार नाही असं धरून चालतो.

क्वार्कांचे मिक्सिंग कोन साधारण १३, २.४ आणि ०.२ अंश आहेत. म्हणजे तीन पिढ्या जवळजवळ आपापल्या जागी बसलेल्या. लेप्टॉनांकडे (इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ आणि त्यांचे न्यूट्रिनो) तेच आकडे, थीटा-१२, थीटा-२३, थीटा-१३ या क्रमाने, ३३-३४ अंश, ४५ च्या अलीकडे-पलीकडे, आणि ८.५. १९९८ मध्ये जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने वातावरणातल्या न्यूट्रिनोंचं दोलन (एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणं) दाखवलं, २००१-०२ मध्ये कॅनडातल्या एसएनओ प्रयोगाने सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंचा हिशोब जुळवला आणि हे कोन एकदम मोठे आहेत हे उघड झालं. त्याआधी बहुतेक सिद्धांतवाल्यांना क्वार्कांसारखेच छोटे कोन अपेक्षित होते. मग २००२ मध्ये हॅरिसन, पर्किन्स आणि स्कॉट यांनी एक नमुना मांडला: थीटा-१२ चा साइन-वर्ग बरोबर १/३, थीटा-२३ चा बरोबर १/२ आणि थीटा-१३ शून्य. हाच ट्राय-बायमॅक्सिमल नमुना. त्या वेळच्या मोजमापांत तो फिट बसत होता. असे सुटसुटीत अपूर्णांक दिसले की भौतिकीवाल्याला मागे सममिती असल्याचा वास येतो, त्यात वावगं काही नाही.

आता हे एकदा कागदावर करून बघाच. न्यूट्रिनोंचं वस्तुमान-मॅट्रिक्स असं घ्या: पहिली ओळ (अ, ब, ब), दुसरी (ब, अ+क, ब−क), तिसरी (ब, ब−क, अ+क). प्रत्येक ओळीची बेरीज अ+२ब येते, म्हणून (१, १, १) हा आयगेनव्हेक्टर (मॅट्रिक्स ज्याची दिशा बदलत नाही असा) आणि त्याचं वस्तुमान अ+२ब. दुसरी आणि तिसरी ओळ एकमेकींत बदलली तरी मॅट्रिक्स तेच राहतं, म्हणून (०, १, −१) हा दुसरा आयगेनव्हेक्टर, वस्तुमान अ−ब+२क. उरलेला (२, −१, −१), वस्तुमान अ−ब. गंमत अशी की अ, ब, क काहीही घ्या, आयगेनव्हेक्टर हलत नाहीत. वस्तुमानं हवी तशी फिरवा, कोन जिथल्या तिथे. ट्राय-बायमॅक्सिमल नमुना म्हणजे नेमके हेच तीन व्हेक्टर. फ्लेवर सममितीचा सगळा डाव इथे आहे: कोन सममितीने ठरतात, वस्तुमानं प्रयोगातून घ्यावी लागतात. ‘न्यूट्रिनोंचं वस्तुमान समजावून सांगणारं मॉडेल’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, वस्तुमान की मिक्सिंग? वस्तुमान इतकं बारीक का, याचं उत्तर बहुतेक मॉडेल्स सी-सॉकडून (जोडीदार कण फार जड असला की न्यूट्रिनो हलका होतो, या यंत्रणेकडून) उसनं घेतात: १७४ जीईव्हीचा (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) वर्ग भागिले सुमारे ६ गुणिले १० चा १४ वा घात जीईव्ही, की ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट हातात. त्याचा ए-४ शी थेट संबंध नाही.

मग ए-४ कुठून आला? जाड कागदाचा एक चतुष्फलक करा, चार समभुज त्रिकोणांचा. तो उचलून फिरवून परत तसाच दिसेल असा ठेवायच्या पद्धती बारा. काहीच न करणं ही एक. शिरोबिंदू आणि समोरच्या फलकाचा मध्य यांतून जाणारे चार अक्ष, प्रत्येकाभोवती १२० आणि २४० अंश, अशा आठ. समोरासमोरच्या दोन कडांच्या मध्यबिंदूंतून जाणारे तीन अक्ष, प्रत्येकाभोवती अर्धा फेरा, अशा तीन. या बारा फिरवण्या म्हणजे ए-४. या ग्रुपला एक त्रिमित निरूपण (तीन गोष्टी एकत्र फिरवायची पद्धत) आहे आणि तीन वेगवेगळी एकमित निरूपणं आहेत. तीन पिढ्यांच्या लेप्टॉनांसाठी हे मापाचं निघतं: तीन डाव्या दुकल्या (न्यूट्रिनो आणि त्याच्या जोडीचा भारित लेप्टॉन) त्रिमितात, तीन उजवे भारित लेप्टॉन तीन एकमितांत.

ही कल्पना २००१ मध्ये अर्नेस्ट मा आणि गुरुस्वामी राजशेखरन यांनी मांडली. राजशेखरन नंतर चेन्नईचे झाले, पण त्याआधी ते आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये होते. परदेशी आढाव्यांत हा इतिहास एका संदर्भ-क्रमांकात उरकतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता मुख्य युक्ती. विश्व थंड होताना ही सममिती मोडते, पण सगळीकडे सारखी मोडत नाही. भारित लेप्टॉन शिरोबिंदूभोवतीची १२० अंशांची फिरवणी लक्षात ठेवतात. न्यूट्रिनो कडेच्या अक्षाभोवतीचा अर्धा फेरा लक्षात ठेवतात. दोघांच्या आठवणी जुळत नाहीत आणि मिक्सिंग म्हणजे ही न जुळणारी दिशा. हातातल्या चतुष्फलकावर हे दोन अक्ष बघा: त्यांच्यातला कोन ५४.७ अंश, कोसाइनचा वर्ग बरोबर १/३. गणित पूर्ण केलं तर निघतं, की न्यूट्रिनोंच्या एका वस्तुमान-अवस्थेत इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ या तिघांचा वाटा प्रत्येकी १/३. मॅट्रिक्समधला (१, १, १) तो हाच.

इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ते तीन व्हेक्टर म्हणजे मिक्सिंग मॅट्रिक्सचे तीन स्तंभ; चतुष्फलकाने त्यांतला फक्त एक दिला, क्रमांक दोनचा. उरलेलं (०, १, −१), म्हणजेच थीटा-१३ शून्य आणि थीटा-२३ पंचेचाळीस, हे ए-४ च्या रक्तात नाही. अल्टारेली आणि फेरुग्लिओ यांच्या २००५ च्या गाजलेल्या मॉडेलमध्ये ते आलं, कारण त्यांनी न्यूट्रिनोंकडे ए-४ च्या दोन एकमितांतले फ्लेव्हॉन (सममिती मोडणारी क्षेत्रं) ठेवलेच नाहीत. ठेवले असते तर म्यू-टाऊ अदलाबदल मोडली असती आणि थीटा-१३ शून्य राहिला नसता. म्हणजे २०१२ मध्ये मोजमापाने जे मोडलं ती ए-४ ची भविष्यवाणी नव्हती, एका कमीत कमी सामग्रीच्या मॉडेलची होती. लॅम यांनी २००८ मध्ये दाखवलं होतं, की ट्राय-बायमॅक्सिमल नमुना पूर्णपणे सममितीतूनच यायचा असेल तर किमान २४ घटकांचा एस-४ हा मोठा ग्रुप लागतो.

मार्च २०१२ मध्ये चीनमधल्या डाया बे प्रयोगाने थीटा-१३ शून्य नाही हे पाच सिग्माच्या (सिग्मा म्हणजे मोजमापाच्या अनिश्चिततेचं एकक) पुढे जाऊन सांगितलं आणि पाठोपाठ एप्रिलमध्ये दक्षिण कोरियातल्या रेनोने दुजोरा दिला. त्याआधी टी२के आणि डबल शूज या प्रयोगांकडून इशारे आलेच होते. त्यानंतर जो पेपरांचा पूर आला त्यात बैल गेला नि झोपा केला या जातीचं लिखाण पुष्कळ होतं, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आकडा कळल्यावर त्या आकड्याला पोचणारं मॉडेल बांधणं अवघड नसतं. त्या गर्दीत दोन वाटा मात्र खऱ्या होत्या.

पहिली: न्यूट्रिनोंकडे ट्राय-बायमॅक्सिमल नमुना तसाच ठेवायचा आणि भारित लेप्टॉनांकडून छोटी दुरुस्ती घ्यायची. महाएकीकरणाच्या (निसर्गातली बलं एकत्र आणणाऱ्या) सिद्धांतांत क्वार्क आणि लेप्टॉन एकाच निरूपणात येतात, म्हणून ही दुरुस्ती कॅबिबो कोनाएवढी (क्वार्कांच्या त्या १३ अंशांएवढी) असणं स्वाभाविक. तेव्हा थीटा-१३ येतो १३ अंश भागिले वर्गमूळ २, म्हणजे सुमारे ९.२. मोजलेला साडेआठ. जवळ आहे, पण तंतोतंत नाही. या वाटेतली मोलाची चीज मात्र दुसरीच: थीटा-१२ बरोबर ३५.३ अंश अधिक थीटा-१३ गुणिले कोसाइन-डेल्टा, हा बेरजेचा नियम. डेल्टा हा सीपी-उल्लंघनाचा, म्हणजे कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यातल्या फरकाचा कोन. थीटा-१२ आणि थीटा-१३ मोजले की डेल्टा कुठे असला पाहिजे ते सांगता येतं: सुमारे १०० किंवा २६० अंशांजवळ. ज्या मॉडेलमधून असा नियम निघत नाही, नुसता आकडा जुळतो, त्याला मी अंकज्योतिष म्हणतो. सहकारी रागावतात, रागावोत.

दुसरी वाट अधिक काटेकोर. नमुन्याचा एक स्तंभ पक्का धरायचा आणि बाकीचे मोकळे सोडायचे. दुसरा स्तंभ, म्हणजे चतुष्फलकाचा (१, १, १), धरला तर साइन-वर्ग थीटा-१२ गुणिले कोसाइन-वर्ग थीटा-१३ बरोबर १/३. पहिला स्तंभ, (२, −१, −१), धरला तर कोसाइन-वर्ग थीटा-१२ गुणिले कोसाइन-वर्ग थीटा-१३ बरोबर २/३. पहिल्या स्तंभाला जपणारा अर्धा फेरा ए-४ मध्ये नाही, तो एस-४ मध्ये आहे. साइन-वर्ग थीटा-१३ साठी ०.०२२ टाका. दुसऱ्या स्तंभाच्या मॉडेलला थीटा-१२ चा साइन-वर्ग ०.३४१ हवा, पहिल्या स्तंभाच्या मॉडेलला ०.३१८.

आणि मोजमाप? चीनमधल्या जुनो प्रयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये मोजणी सुरू केली आणि नोव्हेंबरमध्ये पहिला निकाल दिला: थीटा-१२ चा साइन-वर्ग ०.३०९२, कमी-जास्त ०.००८७. आता वजाबाकी करा. शुद्ध ए-४ चा ०.३४१ साडेतीन सिग्माहून जास्त लांब पडला. म्हणजे थीटा-१३ शून्य नाही म्हटल्यावर चतुष्फलकाला जी दुरुस्ती परवडत होती, तिने थीटा-१२ ला नेमकं उलट्या दिशेला ढकललं. १/३ आधीच थोडं जास्त होतं, ते आणखी वर गेलं. एस-४ वाला ०.३१८ मात्र एका सिग्मावर उभा आहे, सुखरूप. जुनोचं उद्दिष्ट पूर्ण मोजणीअंती या राशीची अनिश्चितता अर्ध्या टक्क्याच्या घरात आणायचं आहे. ०.३०९ आणि ०.३१८ यांत तीन टक्क्यांचा फरक आहे. मधला आकडा आहे तिथेच राहिला तर एस-४ चीही तीच गत होईल. चालत ०.३१८ कडे आला, तर या क्षेत्राला पहिल्यांदाच कॉलर ताठ करून फिरायला हरकत नाही. दोन्ही शक्यता तुमच्या पीएच.डी.च्या काळातल्या आहेत. तुमच्या जागी मी असतो तर एवढ्या एका कारणासाठी हा विषय घेतला असता.

आता दुबळ्या अंगाकडे येऊ. वर मी सहज लिहून गेलो की भारित लेप्टॉन एक दिशा लक्षात ठेवतात आणि न्यूट्रिनो दुसरी. हे घडवायला फ्लेव्हॉन नावाची क्षेत्रं लागतात. अल्टारेली-फेरुग्लिओ मॉडेलमध्ये एका त्रिमित फ्लेव्हॉनचं निर्वात-मूल्य (रिकाम्या अवकाशातली किंमत) (१, ०, ०) दिशेला आणि दुसऱ्याचं (१, १, १) दिशेला असावं लागतं. का असावं? दोन्ही फ्लेव्हॉन एकाच विभव-फलनात (क्षेत्रांची ऊर्जा सांगणाऱ्या सूत्रात) असतील तर ते एकमेकांशी बोलतात आणि दोघांच्या दिशा सहसा सारख्याच होऊन बसतात. मग त्यांना वेगळं ठेवायला अतिरिक्त मिती आणा, नाहीतर महासममिती (सुपरसिमेट्री) आणा आणि त्यात दिशा लावून देणारी ‘ड्रायव्हिंग’ क्षेत्रं घाला. नको असलेली पदं गाळायला आणखी एक झेड-३ सममिती लावा. त्याशिवाय टाऊ इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ३,५०० पट जड का, याचं उत्तर ए-४ देतच नाही. त्यासाठी फ्रॉगट-नीलसन पद्धतीची वेगळी यू-१ सममिती जोडा. शेवटी मिळतात दोन-तीन कोन. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

म्हणून पेपर वाचताना माझी सवय अशी: सारांश आणि निकालाचे आलेख बाजूला ठेवून आधी क्षेत्रांचा तक्ता उघडायचा. किती फ्लेव्हॉन, किती ड्रायव्हिंग क्षेत्रं, किती पूरक झेड-एन, आणि या सगळ्यांच्या बदल्यात मोजता येण्याजोगे किती संबंध. विभव-फलनाचं विवेचन परिशिष्टात ढकललेलं असेल, किंवा ‘असं गृहीत धरू’ एवढ्यावर भागवलेलं असेल, तर मी तो पेपर नम्रपणे मिटतो. परीक्षक म्हणूनही मी हाच प्रश्न पहिला लिहितो, आणि उत्तरं सहसा लांबलचक येतात.

तरीही या जुन्या मॉडेलकडे एक दागिना आहे आणि तो तुम्ही लोकलमध्ये बसून पडताळू शकता. अल्टारेली-फेरुग्लिओच्या सगळ्यात साध्या रूपात न्यूट्रिनोंच्या मॅट्रिक्समध्ये तीनऐवजी दोनच संमिश्र प्राचल आहेत, प आणि फ म्हणू. तीन वस्तुमानं येतात प+फ, प आणि फ−प. पहिल्यातून दुसऱ्याची दुप्पट वजा करा, तिसरं मिळतं. म्हणजे म-१, दोन म-२ आणि म-३ या लांबीच्या बाजूंचा त्रिकोण बंद व्हायला हवा. आता शाळेतली त्रिकोण-असमानता लावा. म-१ आणि म-३ यांची बेरीज दोन म-२ पेक्षा कमी असू शकत नाही. सूर्यन्यूट्रिनोंवरून म-२ हा म-१ पेक्षा मोठा आहे हे पक्कं आहे, म्हणून म-३ हा म-२ पेक्षा मोठा असलाच पाहिजे. चुटकीसरशी इन्व्हर्टेड ऑर्डरिंग (म-३ सगळ्यात हलका) बाद, नॉर्मलच (म-३ सगळ्यात जड) उरलं. आता दुसरी बाजू: म-३ हा म-१ अधिक दोन म-२ पेक्षा मोठा असू शकत नाही. वस्तुमानांच्या वर्गांतले मोजलेले फरक ७.५ गुणिले १० चा उणे ५ वा घात आणि २.५ गुणिले १० चा उणे ३ वा घात इलेक्ट्रॉन-व्होल्ट-वर्ग घाला. सगळ्यात हलका न्यूट्रिनो किमान ०.०१६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा निघतो आणि तिघांची बेरीज किमान ०.०८७.

या बेरजेवर विश्वरचनाशास्त्राची नजर आहे. प्लँक उपग्रहाच्या काळातली वरची मर्यादा ०.१२ होती, त्यात हे मॉडेल आरामात बसत होतं. आकाशगंगांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाने २०२४ मध्ये ती ०.०७२ वर आणली आणि २०२५ मध्ये ०.०६४ वर. नॉर्मल ऑर्डरिंगमध्ये शक्य असलेली किमान बेरीजच ०.०५९ आहे, म्हणजे श्वास घ्यायला जागा उरलेली नाही. हा आकडा जसाच्या तसा धरला तर आपला त्रिकोण बाहेर. पण घाई नको. ही मर्यादा विश्वाचं प्रमाणित मॉडेल गृहीत धरून काढलेली आहे. डार्क एनर्जी (विश्वाचं प्रसरण वेगाने वाढवणारी ऊर्जा) काळानुसार बदलते असं धरलं की ती बरीच सैल होते, आणि डेसीचीच माहिती त्या बाजूला झुकते आहे. मी स्वतः विश्वरचनेवरून आलेल्या आकड्यावर एखाद्या मॉडेलचा मृत्युलेख लिहीत नाही. प्रयोगशाळेतला थेट आकडा (वरची मर्यादा), जर्मनीतल्या काट्रिन प्रयोगाचा, अजून ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. तो इथवर पोचायला फार लांब आहे.

हे सविस्तर सांगितलं ते अशासाठी, की फ्लेवर सममितीची ताकद कुठे असते ते यात दिसतं. सुटा कोन जुळला तर त्याचं मला फारसं अप्रूप नाही. कोन-कोन, कोन-डेल्टा, वस्तुमान-वस्तुमान असे संबंध निघाले आणि त्यांतून एखादी अख्खी शक्यता नाकारली गेली, तर मॉडेलने काहीतरी सांगितलं.

मॉड्युलर सममितीकडे या नजरेने बघा. फेरुग्लिओ यांनीच २०१७ मध्ये ही वाट उघडली. फ्लेव्हॉनांची सगळी फौज काढून टाकायची आणि एकच संमिश्र राशी, टाऊ (त्या नावाचा लेप्टॉन नव्हे), ठेवायची. ही स्ट्रिंग सिद्धांतात जादा मितींचा आकार सांगणारी राशी असू शकते. युकावा सहगुणक (कणांची वस्तुमानं ठरवणारे आकडे) मग सुटे राहत नाहीत, ते टाऊचे मॉड्युलर फॉर्म (ठरावीक सममिती पाळणारी फलनं) होतात. पातळी तीन आणि वजन दोनचे असे फॉर्म बरोबर तीन आहेत आणि ते ए-४ च्या त्रिमितासारखे वागतात. पातळी चारला एस-४ येतो, पाचला ए-५. म्हणजे ते जुने ग्रुप आपण बाहेरून निवडत होतो, इथे ते आपसूक येतात. दिशांचा प्रश्न मिटतो: टाऊची किंमत ठरली की तिन्ही फॉर्मांची किंमत ठरली. तेव्हा ही नुसती नवी बाटली नाही. बारा आण्याच्या मसाल्यातले निदान आठ आणे इथे वाचतात. कुलाब्याच्या त्याच आवारात गणितवाल्यांकडे संख्या सिद्धांताची जुनी परंपरा आहे. इतकी वर्षं आम्हाला त्यांच्या मजल्यावर जायला काही निमित्त नव्हतं, ते आता मिळालं.

पण इथेही पाचर आहे, किंबहुना दोन. एक, टाऊची किंमत बहुतेक पेपरांत प्रयोगाशी जुळवून घेतात. दोन खरे आकडे हवे तसे फिरवायला मिळाले तर कोन जुळण्यात आश्चर्य ते काय? टाऊ एखाद्या विशेष बिंदूवर, म्हणजे आय (उणे एकाचं वर्गमूळ) किंवा एकाच्या संमिश्र घनमुळावर, स्वतःहून स्थिरावतो असं कोणी दाखवलं तर ते मोठं काम ठरेल. त्या बिंदूंच्या किंचित बाजूला सरकलं की भारित लेप्टॉनांच्या वस्तुमानांतली उतरंडही मिळते, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात आशादायक वाटतं. दुसरी पाचर केलर पोटेन्शियलची, म्हणजे क्षेत्रांच्या गतिज पदांचं रूप ठरवणाऱ्या फलनाची. चेन, रामोस-सांचेझ आणि रात्झ यांनी २०१९-२० मध्ये दाखवून दिलं, की सममिती त्यात कितीतरी जादा पदांना परवानगी देते आणि ती धरली तर भविष्यवाण्यांची धार बोथट होते. बहुतेक जण सगळ्यात साधं केलर पोटेन्शियल घेऊन पुढे जातात. पीएच.डी.च्या मुलाखतीत याबद्दल विचारलं जाईल, तयारी ठेवा.

एक पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण टाळता येत नाही. २००० मध्ये हॉल, मुरायामा आणि वाइनर यांनी म्हटलं, की न्यूट्रिनोंच्या मॅट्रिक्समध्ये काही रचना नाहीच. आकडे यादृच्छिक पडलेत. याचं नाव अ‍ॅनार्की. त्यातून थीटा-१३ अगदी बारीक नसावा असं निघत होतं, आणि तसंच झालं. ज्यांनी सममिती मांडली ते तोंडावर पडले आणि ज्यांनी काहीच मांडलं नाही ते बरोबर ठरले, असा टोमणा त्या काळात परिषदांतून खूप ऐकू येई. टोमणा मजेशीर आहे, पण अ‍ॅनार्की त्यानंतर काहीच सांगत नाही. जुनोने ०.३०९ सांगितलं काय किंवा ०.३१८ सांगितलं काय, तिला दोन्ही चालतं. तुलनेला ती हवीच, मुक्काम मात्र तिथे नको.

प्रयोगांचं म्हणाल तर आपल्याकडे १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, वातावरणातले न्यूट्रिनो ज्यांत जगात पहिल्यांदा दिसले त्या मोजक्या प्रयोगांपैकी एक झाला, टीआयएफआर, ओसाका आणि डरहॅम यांचा मिळून. आयएनओच्या (भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेच्या) ५० हजार टन चुंबकित लोखंडाच्या शोधकाने नॉर्मल-इन्व्हर्टेडचा निकाल लावायला मदत केली असती. २०१५ मध्ये मंजुरीही मिळाली होती, पुढे पर्यावरणाच्या परवानग्या आणि स्थानिक विरोधात तो अडकला. मदुराईला ८५ टनांचा छोटा भाऊ आहे, तेवढंच. त्यामुळे येत्या काळातले आकडे जुनो, हायपर-कामिओकांडे आणि ड्यून या परदेशी प्रयोगांकडून येणार आणि ते कोणालाही वापरता येतात. सिद्धांत करणाऱ्याला मुंबईत बसून त्यात काही उणं पडत नाही.

करायचंच ठरवलं तर एवढं गृहपाठ म्हणून आधी करा. पहिला स्तंभ पक्का धरलेल्या मॉडेलमध्ये थीटा-२३ आणि डेल्टा यांचा संबंध स्वतः काढा. थीटा-२३ बरोबर ४५ अंश असेल तर डेल्टा अधिक-उणे ९० अंश यायला हवा, एवढी खूणगाठ पुरेल. मग त्या वक्रावर टी२के आणि नोव्हा या प्रयोगांचे पट्टे टाका. नॉर्मल ऑर्डरिंग धरलं तर या दोघांचा कल एकमेकांशी नीट जुळत नाही. वक्र नेमका कोणाच्या पट्ट्यातून जातो ते बघा. नंतर हेच दुरुस्तीवाल्या बेरजेच्या नियमासाठी करा. हे दोन आलेख घेऊन ज्यांच्याकडे काम करायची इच्छा आहे त्यांना भेटा, आणि त्यांच्या शेवटच्या मॉडेलमध्ये फ्लेव्हॉन किती होते ते सहज विचारा.